बास क्लॅरनेट घ्यायची आहे? खान्देशातल्या वादकांसाठी

बँडमध्ये क्लॅरनेट वाजवून हात बसला, चार-दोन रेकॉर्डिंगची बोलावणी आली, की कधीतरी कानाला खालचे सूर हवेसे वाटू लागतात. मग फोन येतो. कधी जळगावहून, कधी शिरपूरहून, कधी थेट नवापूरहून. "दादा, बास क्लॅरनेट घ्यायची आहे, कोणती घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात कंपनीचं नाव बहुतेक ठरलेलं असतं, मी फक्त होकार द्यायचा असतो. मी लगेच होकार देत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो. वाजवणार कुठे? आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

या दोन प्रश्नांची खान्देशातली उत्तरं वेगळी आहेत. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, डिसेंबरच्या पहाटे बोटं आखडतात आणि बास क्लॅरनेटचे पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं मिटणाऱ्या गाद्या, नीट बसवून देणारा माणूस गाठायचा तर जळगावहून चारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागते. त्यामुळे परदेशातल्या वादकाने "हीच घ्या" म्हटलेलं वाद्य आपल्याला चालेलच असं नाही. मी जे खाली लिहितोय ते हे सगळं धरून लिहितोय.

आधी वाद्य समजून घ्या

बोटं तुमच्या नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरनेटसारखीच पडतात, सूर मात्र एक सप्तक खाली निघतो. आज आपण जिला बास क्लॅरनेट म्हणतो तिचा घाट बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८३८ साली बसवला. हाच पुढे सॅक्सोफोनचा जनक. म्हणून वरचा वाकडा धातूचा नेक आणि खालचा वर वळलेला धातूचा भोंगा पाहून पुष्कळांना ती सॅक्सोफोनचीच बहीण वाटते. पण नळी आतून सरळ, एकाच व्यासाची असल्याने तिचा स्वभाव क्लॅरनेटचाच राहतो: रजिस्टरची, म्हणजे वरच्या सुरांत नेणारी, चावी दाबली की सूर नुसत्या सप्तकाने उडत नाही, सप्तक आणि वर पंचम एवढा उडतो.

नोटेशन वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बास क्लॅरनेटचं लिखाण बहुतेक ठिकाणी ट्रेबल क्लेफमध्येच असतं आणि वाजतं ते लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली. जर्मन पद्धतीच्या जुन्या लिखाणात बास क्लेफ दिसतो, तिथे वाजणारा सूर फक्त एक पूर्ण स्वर खाली असतो. ही दोन्ही एकाच वाद्याची लिखाणं आहेत, वाद्य बदलत नाही.

क्लॅरनेटवाल्याला पहिल्या दिवशी अडचण येते ती ओठांची. सवयीने आपण ओठ आवळतो आणि सूर गुदमरतो. इथे जबडा सैल, घसा उघडा आणि फुंक भरपूर पण संथ लागते. म्हणून माझा आग्रह असतो की ज्याने अजून बास क्लॅरनेट ओठाला लावलीच नाही त्याने प्रोफेशनल वाद्याचा विचार सहा महिने पुढे ढकलावा. एखादं साधं प्लॅस्टिक बॉडीचं वाद्य, यामाहाची वायसीएल-२२१ वगैरे, भाड्याने किंवा मित्राकडून मिळवून त्यावर वाजवावं. त्यानंतर तुमचे प्रश्नच बदललेले असतील.

खाली कुठपर्यंत जायचं आहे?

बास क्लॅरनेट दोन लांबीत मिळते. एक लो ई-फ्लॅटपर्यंत जाते, दुसरी लो सी-पर्यंत. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पहिलीचा सगळ्यात खालचा सूर काळी एकवर पडतो, साधारण ६९ हर्ट्झ. दुसरीचा आणखी खाली, काळी पाचवर, साधारण ५८ हर्ट्झ. पियानोच्या मधल्या सी-पासून दोन सप्तकं आणि एक पूर्ण स्वर खाली.

कागदावर फरक तीनच अर्ध्या स्वरांचा आहे. पण त्या तीन सुरांसाठी नळी वाढते, उजव्या अंगठ्याखाली जास्तीच्या चाव्या येतात, लांब दांडे येतात, वजन वाढतं, पेटी मोठी होते, आणि बिघडण्याच्या जागाही वाढतात. किमतीतला फरक तर आहेच.

तरी स्टुडिओत किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदात काम करायचं असेल तर लो सी-च घ्या. विसाव्या शतकापासूनच्या कितीतरी रचनांत ते खालचे सूर लिहिलेले असतात आणि ऐन वेळी ते वरच्या सप्तकात उचलून वाजवणं संगीतकाराला आवडत नाही. कुणी रागसंगीतासाठी घेत असेल, किंवा अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला खालून भरणा द्यायला घेत असेल, तर चांगल्या अवस्थेतली लो ई-फ्लॅट पुरते. मी तर म्हणेन, त्याच पैशांत साधारण लो सी आणि उत्तम लो ई-फ्लॅट असा प्रश्न आला तर दुसरीच घ्यावी. न लागणाऱ्या तीन सुरांसाठी लागणारे सगळे सूर कच्चे ठेवण्यात अर्थ नाही.

लाकूड, ऊन आणि कूलर

प्रोफेशनल बास क्लॅरनेटची बॉडी बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुडची असते. व्यापारात याला ग्रेनाडिला म्हणतात. आपल्या शिसवीच्याच कुळातलं, पण तिच्याहून घट्ट आणि जड झाड. आवाज भरीव येतो, सुराला काठ येतो, यात वाद नाही. पण लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. चाळीस ते साठ टक्के आर्द्रतेत ते खूश असतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा याच्या कितीतरी खाली उतरते.

माझी पहिली लाकडी बास क्लॅरनेट सेकंडहँड होती. चोपड्याकडे एका लग्नात रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला ती घेऊन गेलो. दुपारभर ती कूलरच्या खोलीत होती. कूलरच्या खोलीतली हवा थंड आणि ओलसर, बाहेर कोरडी भट्टी. चार वाजता ध्वनितपासणीसाठी बोलावलं म्हणून वाद्य जोडलं, उघड्या अंगणात नेलं आणि लगेच जोरात फुंकायला सुरुवात केली. आतून गरम दमट श्वास, बाहेरून कोरडं ऊन. दहा मिनिटांनी वरच्या सांध्यातला, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्यातला, आवाज फाटल्यासारखा झाला. पुसून उजेडात धरलं तर ट्रिलच्या, म्हणजे दोन सूर झरझर आलटून-पालटून वाजवायच्या, भोकापासून वर केसाएवढी रेघ गेलेली. बोटाला लागत नव्हती, नखाला लागत होती. जिभाऊ, म्हणजे माझे मोठे काका, आमच्या बँडचे मास्तर, यांनी ती नखाने दोनदा चाचपली आणि काही न बोलता पेटी बंद केली. पुढे मुंबईत कारागिराने ती चिकटवून, आडव्या पिना घालून बुजवली. वाद्य वाचलं, पण तो मोसम गेला.

म्हणून मी सगळ्यांना विचारतो की वाजवणार कुठे. घरात, सभागृहात, स्टुडिओत वाजवणार असाल तर लाकडी घ्या आणि तिची निगा राखा. वरातीत, कानबाईच्या मिरवणुकीत, उघड्या मैदानावर वाजवणार असाल तर लाकूड नकोच. हार्ड रबर म्हणजे एबोनाइटची बॉडी हा त्यावर चांगला उपाय आहे. क्लॅरनेटचे चांगले माउथपीस पिढ्यान्‌पिढ्या याचेच बनतात, आणि लाकडासारखं ते कोरड्या हवेत तडकत नाही. मात्र ते उन्हात ठेवू नका, ऊन लागून त्याचा रंग हिरवट-तपकिरी होतो. बुफे कंपनी ब्लॅकवुडची भुकटी, कार्बनचे तंतू आणि रेझिन एकत्र दाबून ग्रीनलाइन नावाचं साहित्य करते. तेही हवामानाने चिरत नाही. तुम्हाला हव्या त्या मॉडेलमध्ये ते मिळतं का एवढं विचारून घ्या. सरळ एबीएस प्लॅस्टिकला नाक मुरडू नका. रस्त्यावरच्या धुळीत आणि गर्दीत ते सगळ्यात निश्चिंत.

लाकडाबद्दल आणखी एक भीती असते. परदेशातून मागवलं तर ब्लॅकवुडवर बंदी आहे, वाद्य विमानतळावर अडकेल, असं काही जण सांगतात. २०१७ च्या जानेवारीत या कुळातल्या झाडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध लागले होते हे खरं. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग त्या निर्बंधांतून वगळले आहेत. जुनी माहिती वाचून घाबरू नका.

कंपन्यांची नावं

यावर मी फार वेळ घालवत नाही. लो सी-मध्ये फ्रान्सच्या बुफे क्राम्पाँची प्रेस्टीज आणि टोस्का, सेल्मर पॅरिसची प्रिव्हिलेज, आणि जपानच्या यामाहाची वायसीएल-६२२ ही नावं जगभरच्या वाद्यवृंदांत दिसतात. यामाहाचीच वायसीएल-६२१ लो ई-फ्लॅटची. बुफेचा सूर मला गोल आणि गडद वाटतो, सेल्मरचा थोडा मोकळा, यामाहाची चाव्यांची कारागिरी सगळ्यात सारखी. हे माझ्या कानाचं मत आहे, तुमचा कान वेगळं सांगेल. नवी प्रोफेशनल लो सी हातात पडेपर्यंत कर धरून दहा लाखांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते, हे मनाशी धरूनच पुढे चला.

चीनमध्ये बनलेल्या लो सी याच्या तिसऱ्या हिश्शात किंवा त्याहून कमीत मिळतात. त्यातल्या काही खरंच कामाच्या असतात, पण एकाच नावाखालची दोन वाद्यं सारखी निघतील याची खात्री नसते. पेटी बंद असताना असं वाद्य मागवू नका. एखाद्या जाणकार दुकानदाराने पॅड, स्प्रिंगा आणि ट्युनिंग तपासून, दुरुस्त करून दिलेलं असेल तरच घ्या.

मेरठच्या जली कोठीतून आपल्या बँडची ट्रम्पेट, युफोनियम येतात, तिथे विचारू का, असंही कुणी विचारतं. पितळी वाद्यांसाठी जरूर जा. प्रोफेशनल बास क्लॅरनेटचं काम वेगळं आहे, तिच्यासाठी मुंबईत धोबीतलावपासून चौकशीला सुरुवात करा.

पाहायला जाल तो दिवस

सकाळची वेळ घ्या, कान ताजे असतात. सोबत स्वतःचा माउथपीस, ओळखीचं रीड (फुंकेने थरथरणारी पट्टी), मोबाइलमध्ये ट्यूनर, सिगारेटचा पातळ कागद आणि दिवाळीत लावतो ती बारीक एलईडीची माळ न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

आधी वाजवू नका, पाहा. सांध्यांवरच्या धातूच्या कड्या बोटाने फिरवून बघा. सैल फिरत असतील तर लाकूड सुकून आकसलं आहे. वरच्या सांध्यावर ट्रिलच्या भोकांभोवती, रजिस्टरच्या नळीपाशी, तिरप्या उजेडात रेघ शोधा. बुजवलेली चीर म्हणजे वाद्य टाकाऊ असं नाही, पण तिची किंमत त्या हिशेबाने व्हायला हवी. चाव्या दांड्यावर आडव्या हलवा. खटखट हलत असतील तर दांडे झिजले आहेत, आणि मग पॅड कितीही नवे असले तरी ते रोज वेगळ्या जागी बसतील.

मग हवा. बास क्लॅरनेटचा निम्मा हिशेब इथेच होतो. तिचे पॅड मोठे, भोकं मोठी, आणि एका पॅडच्या कडेला कागदाएवढी फट राहिली तरी खालचे सगळे सूर घोगरे होतात. वादकाला वाटतं आपला दम कमी पडतोय. कित्येक मुलांनी याच गैरसमजात वाद्य सोडलेलं मी पाहिलंय. खोलीत अंधार करा, माळ नळीत सोडा, चावी अगदी हलक्या बोटाने बंद करा आणि पॅडच्या कडेने उजेड दिसतो का बघा. जिथे शंका येईल तिथे सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली धरून चावी मिटा आणि पट्टी ओढा. पॅडच्या चारही बाजूंना ओढ सारखी लागली पाहिजे. एका बाजूने पट्टी सुळकन निघाली तर तिथून तुमचा श्वास जाणार. जोर लावून दाबल्यावरच मिटणारा पॅड नीट मिटतो असं मानू नका. तासभर वाजवताना कुणी तेवढा जोर लावू शकत नाही.

दोन भागांच्या वाद्यात वरचा आणि खालचा सांधा जिथे जुळतो तिथे दोन्हीकडच्या चाव्या जोडणारे पूल असतात. वाद्य जोडताना हेच वाकतात, आणि हेच बिघाडाचं पहिलं घर. जोडून, सोडून, पुन्हा जोडून बघा. दर वेळी खालच्या सुरांचा आवाज सारखा यायला हवा.

आता वाजवा. जिभाऊंचं अहिराणीतलं एक वाक्य मला अशा वेळी आठवतं: "आधी ऐक, मंग फुक." म्हणजे आधी अगदी हळू. सगळ्यात खालच्या सुरापासून एकेक अर्धा स्वर वर चढत जा, आवाज इतका बारीक की शेजारच्याला जेमतेम ऐकू यावा. प्रत्येक सूर जिभेचा धक्का न देता, नुसत्या श्वासाने सुरू झाला पाहिजे. जो अडतो त्याची नोंद ठेवा.

त्यानंतर वाद्याच्या घशातले, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाचे सूर, जी-शार्प, ए, बी-फ्लॅट. हे सगळ्याच क्लॅरनेटवर थोडे फिके असतात, पण फिके आणि बेसूर यात फरक आहे. तिथून सगळी बोटं लागणाऱ्या बी-वर या. हा सूर तत्काळ उमटला तर हवा कुठूनही जात नाही. चाचरला तर कुठेतरी हवा जातेय.

मधल्या सप्तकात डी, डी-शार्प, ई असे बांधून, पुढे-मागे, हळू आवाजात वाजवा. प्रोफेशनल वाद्यात रजिस्टरची दोन भोकं असतात आणि साधारण इथेच यंत्रणा आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाते. बऱ्याच स्वस्त वाद्यांत एकच भोक असतं आणि वरचे सूर त्यामुळे कुरकुरतात. तुमच्या वाद्यात दोन असूनही डी-शार्पवरून ई-ला जाताना धक्का बसत असेल, गुरगुर येत असेल, तर ते जुळवणीचं काम आहे. विक्रेत्याला आत्ताच करून द्यायला सांगा, "नंतर करून देऊ" वर थांबू नका.

वरच्या टोकाला डाव्या तर्जनीच्या चावीवर एक बारीक भोक असतं, बोट सरकवून अतितार सूर काढायला. ते बोटाला सहज सापडतं का बघा. लो सी असेल तर उजव्या अंगठ्याच्या चाव्या तुमच्या अंगठ्याला पोचतात का, आणि लो डी-साठी करंगळीलाही चावी आहे का, हेही पाहा. माझ्या हाताला जी मांडणी सोपी तीच तुमच्या हाताला असेल असं नाही.

शेवटी ट्यूनर. वीस मिनिटं वाजवून वाद्य तापल्यावरच लावा. बऱ्याच युरोपियन वाद्यांचं ट्युनिंग, म्हणजे ए सुराची उंची, ४४२ हर्ट्झचं असतं, आपले कीबोर्ड ४४० वर. त्यात आपल्या उन्हाळ्यात हवा तापली की सूर आणखी चढतो, आणि एवढ्या लांब नळीत श्वासापेक्षा बाहेरच्या हवेचं राज्य जास्त चालतं. म्हणून ४४० चं वाद्य मागा, नेक बाहेर ओढायला जागा आहे का बघा, आणि वेगळ्या लांबीचा दुसरा नेक मिळतो का विचारा. वाद्य एसी दुकानात अगदी सुरात वाजलं तर ते मे महिन्यातल्या एरंडोलला चढणारच, एवढं गृहीत धरा.

माउथपीस आणि रीड

वाद्यासोबत आलेला माउथपीस बहुतेक वेळा बदलावा लागतो, त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. सेल्मरचा सी-स्टार आणि व्हँडोरेनचा बी-५० या दोघांपासून सुरुवात करा, आणि वाद्य पाहायला जाल तेव्हा तोच वापरा, नाहीतर तुलना वाद्यांची नव्हे माउथपीसची होईल. रीड क्लॅरनेटपेक्षा अर्ध्या नंबराने हलकं घ्या. आकाराने ते टेनर सॅक्सोफोनच्या रीडजवळचं असतं, अडल्या वेळी तेही चालतं. उन्हाळ्यात नैसर्गिक रीड दहा मिनिटांत सुकून लाटा धरतं, त्यामुळे एखादं सिंथेटिक रीड पेटीत असू द्या. मी पूर्वी त्यांना नावं ठेवायचो, आता मोकळ्या मैदानात तेच लावतो.

पैसे आणि वाट

परदेशातून मागवणार असाल तर दुकानाच्या किमतीवर विमा, वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी असे चार आकडे चढतात. फुंकवाद्यांचा सीमाशुल्काचा गट ९२०५ आहे, तो सांगून दर आधी विचारा, मगच पैसे पाठवा. पावतीवर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. सेकंडहँड असेल तर तो नंबर वाद्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, दोन्ही सांध्यांवर. परत करण्याची मुदत किती, हे लेखी घ्या.

गाडीत पेटी डिकीत टाकू नका. रेल्वेने आणणार असाल तर वरच्या बर्थवर, डोक्याशी.

पहिले दोन महिने

नवी लाकडी क्लॅरनेट पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका, मग हळूहळू वेळ वाढवा. वाजवून झालं की लगेच आतून फडकं फिरवा, सांध्यांच्या टोकांवर जमलेलं पाणीही पुसा. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक आणि आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवा. जुनी मंडळी संत्र्याची साल ठेवायची, तिला बुरशी येते, नको. कूलरच्या खोलीतून बाहेर न्यायची असेल तर बंद पेटीतच अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा.

पावसाळा लागला की लाकूड फुगतं, सांधे घट्ट होतात. जोराने पिरगळू नका, त्यात पूल वाकतात. कॉर्कला ग्रीस लावा, तरी अडलं तर तसंच ठेवून कारागिराला फोन करा. आणि दसऱ्याच्या आधी, लग्नाचा मोसम सुरू होण्यापूर्वी, पुन्हा एकदा अंधारात ती एलईडीची माळ नळीत सोडा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही झेललेले पॅड तुम्ही घेतले त्या दिवशी जिथे बसत होते तिथेच बसतात का, ते तेव्हा कळेल.